पाठीले कुठं तोंड असते

अक्कल आमच्या गावात बम हाये. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमी म्हणसान का बेबीताई उठल्यासुटल्या गावाले नावं ठेवते. पानठेल्यावर हाये, पारावर हाये, सोसायटीच्या पायऱ्यायवर त नुसती सांडून राह्यली हाये. फक्त कामाच्या टायमाले ती कोणाच्या खिशात सापडत नाही.

मी या गावची आशा. बारा वर्षं झाली हे काम करून राह्यली. डोस, गोळ्या, बाळंतपणं, टीबीच्या थुंकीच्या डब्या, सगळं माह्याच पिशवीतून जाते. ज्या घरायनं मले चहा द्याले कान तुटलेला कप कोनाड्यात वेगळा ठेवला हाये, त्याच घरच्या सुनेले कळा सुटल्या का पहिला फोन मलेच येते. मी जाते. चहाबी पिते, त्याच कपात. पिऊन झाल्यावर तो कप मीच नेऊन कोनाड्यात ठेवते, म्हणजे मले सगळं समजते हे त्यायलेबी समजलं पायजे.

त ही गोष्ट असल्याच एका घरची. पंचफुलाबाईच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, एकुलता एक पोरगा हरीओम, अन् त्याची बायको राखी. राखी मानोऱ्याकडची, दोन वर्षांखाली लग्न होऊन आली. कामाले वाघीण, बोलाले कमी. आमच्या गावात कमी बोलणाऱ्या बाईवर लोक आधीपासूनच डोळा ठेवून असतात.

हरीओम म्हणजे फवारणीचा उस्ताद. स्वतःचं चार एकर सोयाबीन फवारून झालं का दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते. कृषीवाल्यायनं सगळ्यायले मोफत सामान वाटलं होतं. त्यातला चष्मा हा फटफटीवर लावून शेलूबाजारले जाते, हातमोजे पंचफुलाबाईनं शेण काढाले ठेवले, अन् तोंडाची ती पट्टी राखीनं दुधाच्या गाळणीले बांधली होती ते मीच सोडवली. फवारते उघड्या अंगानं. बादलीतलं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळते अन् त्याच हातानं तंबाखूचा खर्रा घोटते. मी एकदा बोलली त मले म्हणे, बेबीताई, निघताना गुळाचा खडा खातो, आल्यावर तांब्याभर ताक पेतो, पोटात काई राहातच नाही. लोकायले वाटते विष म्हणजे पाहुणा हाये, तोंडाच्या दारातून येते अन् ताक पाजलं का हात जोडून निघून जाते.

भादव्यात सोयाबीनवर अळी पडली. हरीओमनं शेलूबाजारातून मोठ्या बाटलीत जहाल औषध आणलं. घरी येऊन पाह्यते त बाटली चार बोटं कमी. दोन दिवस त्या दुकानदाराले गावभर शिव्या दिल्या, चोट्टा म्हणे, सील फोडून काढून घेते. तिसऱ्या दिवशी फवाराले गेला अन् दुपारी बांधावर आडवा झाला. तोंडाले फेस, नाकाडोळ्यातून पाणी, अंग घामानं निथळून राह्यलं, मांड्यायचं मांस आपोआप उडून राह्यलं. मले फोन आला. मी एकशे आठले फोन लावला अन् त्याच्यासोबत वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं त्यायनं त्याले साबणानं डोक्यापासून नखापर्यंत धुतलं, केस कापले, सुया देल्ल्या. पाच दिवसात माणूस उठून बसला. सुट्टी देताना डॉक्टर बाईनं मले समजावून सांगतलं, अन् मी पंचफुलाबाईले. त्याच्या अंगावरचे कपडे फेकून द्या. महिनाभर फवारणीपाशी जाऊ देऊ नका. पंचफुलाबाई लय शिस्तीची. लुंगी, बनियन, दुपट्टा, सगळं गावाबाहेर खड्डा करून पुरलं. मी कपडे म्हणलं म्हणून तिनं कपडे पुरले. आणखी एक शब्द मी बोलाले पायजे होता, तो मी बोलली नाही. त्याच्यावर येतेच मी.

घरी आला अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पडला. वावराचं तोंड नाही पाह्यलं, पंपाले हात नाही लावला, तरी तेच. पुन्हा गाडी, पुन्हा वाशिम, पुन्हा सुया. तिथं चार दिवसात चांगला. डॉक्टर बाईनं इचारलं, घरी काय घेतलं यानं? विषाच्या पेशंटले पहिले हेच इचारतात, त्यात तिचं काई चुकलं नाही. पण तो सवाल ऐकाले तिथं रामकिसनबुवा उभे होते.

रामकिसनबुवा म्हणजे हरीओमचे सख्खे चुलते. माळकरी माणूस. वीस वर्षं झाली, कांदा-लसणाले शिवले नाहीत. त्यायच्या घरात दोन चुली हायेत, एक बुवाची अन् एक बाकीच्या पापी लोकायची. बाकी जगात असं काईच नाही जे बुवाले समजत नाही. दवाखान्यातून गावात येईपर्यंत बुवाचा हिशेब पक्का झाला. दवाखान्यात खाते तवा पोट्टा चांगला राहाते, घरी खाते तवा पडते. घरी रांधते कोण? राखी. झालं. एवढी हुशारी त पोलिसातबी नसन.

सांजेपर्यंत गावाले कारणबी सापडलं. दोन वर्षं झाली, लेकरू नाही. मोबाइलवर हासत बोलते. कोणासोबत बोलते? ते भावासोबत बोलते, गणेशसोबत, पण भावासोबत कोण हासते? पानठेल्यावर असे एकेक वकील बसले होते. राखीनं एकदा शेलूबाजारात स्वतःच्या पैशानं चप्पल घेतली होती, तेबी पुराव्यात आलं.

अन् आता माही सांगते. मी त्या दिवशी त्यायच्या घरी गेली, पाणी पेते म्हणून चुलीपाशी गेली, अन् राखीच्या मिठा-मिरचीचे डबे उघडून वास घेतला. मी, जिले सरकारनं ट्रेनिंग दिलं, जी दुसऱ्याले शहाणपण सांगत फिरते. राखी दारात उभी राहून पाहून राह्यली होती. मिठाचा डबा मी उघडाच ठेवला होता, तो तिनं येऊन बंद केला. माह्या थोबाडात मारली असती त बरं झालं असतं.

हरीओम घरी आला तवा बुवानं नवा कायदा काढला होता. पंचफुलाबाईचे हात कापत, तिच्याच्यानं भाकर थापल्या जात नव्हती, त रांधायची राखीच. पण नवऱ्याच्या ताटातला पहिला घास राखीनं सगळ्यायसमोर खायचा, घटकाभर थांबायचं, मंग हरीओमनं जेवायचं. पंचफुलाबाई त सुनेच्या हातचं पाणीबी पेत नव्हती, तिचा डबा बुवाच्या घरून येत होता. अन् हरीओम? ज्याच्यासाठी ती पोट्टी दवाखान्यात फरशीवर झोपली, तो हात धुवून ताटापाशी बसायचा अन् तिच्या तोंडाकडे पाहात राहायचा. जिवंत राह्यते का मरते म्हणून. माय म्हणते, काका म्हणतात, मी काय करू, असं मले म्हणे. तीस वर्षाचा घोडा.

तिनं घास खाल्ला, ती चांगली राह्यली, अन् हा पाचव्या दिवशी तिसऱ्यांदा पडला.

आता तुमाले वाटन का बुवा गप बसले असतीन. ज्या अर्थी तिले काई झालं नाही, त्या अर्थी तिनं आधीच उतारा घेतला हाये, असं बुवानं शोधून काढलं. हा उतारा कोणता, कोणत्या दुकानात भेटते, हे कोणी इचारलं नाही.

हरीओम दवाखान्यात, अन् इकडं गुरुवारी दुपारी बुवाच्या ओट्यावर बैठक बसली. राखीचा भाऊ गणेश जीप घेऊन मानोऱ्याहून आला होता. ठरलं असं, का राखीनं आजच गणेशसोबत निघून जायचं, पुन्हा या गावात पाय ठेवायचा नाही. नाही गेली त ठाण्यात रिपोर्ट, नवऱ्याले विष घालते म्हणून. अन् त्या कागदावर आशाची सही पायजे होती, कारण तिन्ही वेळा गाडी मीच बोलावली होती. म्हणून मले बोलावणं. माहे मालक पंजाबराव माह्यासोबत आले. त्यायले वाटलं मी भांडीन. त्यायचं वाटणं बहुतेक खरं असते.

राखी खाली अंगणात उभी होती, तिची बॅग तिच्या दारात भरून ठेवली होती, बुवाच्या घरच्या बायायनंच भरली होती. गणेश तिले हळूच म्हणे, चाल बाई, इज्जतीनं निघू. पोट्टीनं मान वर केली.

"आळ अंगावर घेऊन मी या गावातून जाणार नाही," ती म्हणे. "करा रिपोर्ट."

बुवानं कागद माह्याकडं सरकवला. मी कागदाकडं पाह्यलं नाही, कारण मी पंचफुलाबाईकडं पाहात होती. ती खांबाले टेकून बसली होती, पदरानं डोळे पुसत. पंधरा दिवसांपासून सगळे म्हणत, बिचारी माय, डोळ्याचं पाणी खंडत नाही. मले एकाएकी वाटलं का रडणारी बाई मधीमधी तरी थांबते. हिचं थांबतच नव्हतं. नाकबी वाहे, तोंडातली लाळबी ती पदराच्या कोपऱ्यानं टिपे. अन् हात कापत. मी उठली, तिच्यापुढं उकिडवी बसली अन् तिची हनुवटी धरून वर केली. सावलीत माणसाच्या डोळ्याची बाहुली मोठी पायजे. तिची खसखशीच्या दाण्याएवढी होती. दोन्ही डोळ्यात. अशीच बाहुली मी हरीओमची तीन वेळा पाह्यली होती, ब्याटरी मारून.

मी तिले इचारलं, या आठ दिवसात राखीच्या हातचं काई खाल्लं का? तिच्यावतीनं बुवाच म्हणे, थेंबभर नाही, आमच्याच घरचा डबा. मंग मी इचारलं, बाई, तू हरीओमले काय करून देते घरी? ती म्हणे, काय करू माय, माह्यापाशी काय हाये, सांज-सकाळ पाठ शेकून देते. दवाखान्याच्या खाटेवर पडून त्याची पाठ दुखते.

शेकते कायनं? म्हणे गादीनं.

अन् मले कळलं. पंपाचा पत्रा पाठीले रुतते म्हणून पंचफुलाबाईनं मागं एक लहान गादी शिवून देल्ली होती पोराले, नवऱ्याच्या धोतराची, आत घरचा कापूस. पाच वर्षं ती पंपाखाली पाठीले बांधून तो फवारते. पंपाचं झाकण गळते, सगळं त्या गादीत जिरते. धुतली त कापसाचे गोळे होतात म्हणून कधी धुतली नाही. मी कपडे फेकाले सांगतलं होतं. गादीले कोणी कपडा म्हणते का? तीच गादी ती तव्यावर गरम करे अन् दोन्ही हातानं दाबून दाबून पोराच्या उघड्या पाठीवर फिरवे, घाम येईपर्यंत.

मी म्हणलं, कुठं हाये ती गादी? त तिनं बाजूची पिशवी दाखवली. बैठक झाली का चारच्या गाडीनं वाशिमले जाणार होती, दवाखान्यात शेकून द्याले. मी ती पिशवी पायानं दूर सरकवली अन् कोणी हात लावू नका म्हणून सांगतलं. वास येत होता, पण वासाचं काय, भादव्यात आमचं सगळं गावच तसं गंधाते. पंजाबराव वाकून पाहात म्हणे, ही त ओली होऊन वाळल्यासारखी दिसते, हरीओमनं यातच त बाटली गुंडाळून नाही आणली? पंचफुलाबाई म्हणे हो, फटफटीवर फुटन म्हणून गादीत गुंडाळली होती. दुकानदार बिचारा फुकटच्या शिव्या खाऊन बसला. वाटेत झाकणातून झिरपलेलं चार बोटं औषध गादीनं पेलं होतं.

मी सगळ्यायले सांगतलं. हे विष कातडीतून आत जाते, गरम कातडीतून आणखी लवकर जाते, रगतात मिसळते, अन् अंगातल्या सगळ्या तोट्या सुरू करून ठेवते. डोळ्याची, नाकाची, तोंडाची, घामाची. दवाखान्यात गादी नव्हती म्हणून तिथं तो चांगला होत होता. घरी गादी होती.

बुवा हासले. सगळ्यायकडं पाहून हासले, म्हणजे सगळ्यायनं हासावं.

"बेबीताई, पाठीले कुठं तोंड असते?"

अन् हासले सगळे. पार गणेशबी थोडा हासला, ज्याच्या बहिणीचा जीव टांगणीले लागला होता. मले असा राग आला का मी बुवाची पगडी उडवली असती, पण पगडी उडवून राखीचं काई भलं होणार नव्हतं. मी पंचफुलाबाईले इचारलं, हरीओम तान्हा होता, सर्दी झाली, तवा तू काय करे? ती म्हणे, तेलात लसूण कडकवून तळपायाले चोळे. मी म्हणलं, सर्दी छातीत अन् तेल पायाले कायले? अन् दुसऱ्या दिवशी त्या दूधपेत्या लेकराच्या तोंडाले लसणाचा वास येत नव्हता का? आला होता. सगळ्या बायायले माहीत होतं, ओट्याखालून दोघीतिघी हो म्हणल्या. बायायचं हो म्हणणं बैठकीत मोजत नाहीत, म्हणून बुवा म्हणे, त्या बायायच्या गोष्टी.

मी म्हणलं, मंग माणसावर करून पाहू. तुमच्यावर. लसूण ठेचून तळपायाले लावा. घंटाभरात तोंडात चव आली त माहं खरं, नाही आली त मी सही करते.

बुवानं विचार केला, पण जास्त नाही केला. वीस वर्षांचं व्रत हाये, पण पायाले लावलं म्हणजे काई खाल्लं नाही. आत जाणारच नाही त व्रत मोडन कसं? सगळ्या गावासमोर मले खोटी पाडाची संधी आली होती. बुवा खाटेवर मांडी मोडून पाय लांब करून बसले. लसूण त्यायच्याच घरचा, पापी चुलीवरचा. ठेचला त्यायच्याच सुनेनं, अन् पायाले लावला त्यायच्याच लेकानं, कारण माहा हात बुवाच्या पायाले लागला असता त आंघोळ करा लागली असती. मी फक्त पिशवीतल्या दोन प्लास्टिकच्या थैल्या देल्ल्या. त्या पायात घालून घोट्यापाशी सुतळीनं बांधल्या, म्हणजे वास नाकात गेला असं कोणी म्हणाले नको. हात गुडघ्यावर ठेवायचे, तोंडापाशी न्यायचे नाहीत. पंजाबराव हातावर ध्यान ठेवाले बसले.

अर्धा घंटा काई झालं नाही. बुवा नामस्मरण करून राह्यले होते अन् मधीमधी मले इचारत, काहो बेबीताई, कुठपर्यंत आलं? पोटरीपर्यंत? लोक हासत. बुवाच्या टाचा पाह्यल्या होत्या मी, बैलाच्या खुरासारख्या. तान्ह्या लेकराच्या तळव्यातून जाते ते या टाचांतून जाईन का? नाही गेलं त राखी आज जीपमधी बसते, अन् पंचफुलाबाई ती पिशवी उचलून चारच्या गाडीत. मी डब्याचा वास घेतला होता तवाचा राखीचा चेहरा माह्यापुढून हालत नव्हता.

पाऊण घंट्याच्या वर झालं असन. बुवाचं नाम थांबलं. त्यायनं जीभ टाळूले लावली. गिळलं. पुन्हा गिळलं. इकडं तिकडं पाह्यलं, अन् पुन्हा नाम सुरू केलं, पण आता ओठ मिटून. मी उठून जवळ गेली अन् इचारलं, बुवा, काई चव? बुवानं मान हालवली, नाही. लाज पाहा. वीस वर्षांचा माळकरी, अन् तोंडात लसूण धरून खोटं बोलून राह्यला.

"माळेले हात लावून सांगा," मी म्हणलं.

बुवाचा हात गुडघ्यावरून उठला, माळेपर्यंत गेला अन् तिथं थांबला. मंग बुवा एकदम खाटेवरून उतरले अन् पायातल्या थैल्यायसगट फसफस करत रांजणाकडं पळाले. चूळ भरली, खाकरले, पुन्हा चूळ भरली. पाचसहा चुळा झाल्या. चुळा भरून जाते का ते? आतून आलेलं होतं.

आता कोणी हासलं नाही. पण मी म्हणलं ना, अक्कल बम हाये. पाच मिनटं नाही गेली त मागून एक जण म्हणे, म्हणजे मायनंच मारलं पोराले. दुसरा म्हणे, मले आधीपासूनच डाऊट होता. अन् बुवा ओल्या मिशा पुसत आले ते म्हणत, मी म्हणतच होतो का त्या घरात कायतरी हाये. ज्या जिभायनं दहा दिवस सून चघळली त्याच आता सासूकडं वळल्या. मी त्यायले काय काय बोलली ते इथं सांगत नाही. पंजाबरावनं मले दंडाले धरून मागं नेलं, एवढंच सांगते.

पंचफुलाबाई मात्र काई ऐकत नव्हती. आपल्या दोन्ही तळहाताकडं पाहात होती. ते हात कापून राह्यले होते.

"आज घेऊन चालली होती न वं बेबी मी," ती म्हणे. "आज बी शेकणार होती."

तिले मी काय सांगू? कपडे म्हणलं अन् गादी म्हणलं नाही, हे मी पोटात घेऊन तिच्यासमोर उभी होती. तेवढ्यात राखी बादली अन् साबण घेऊन आली. बुवाच्याच न्हाणीतून आणला होता, कोणाले न इचारता. सासूपुढं बसली, तिचे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, पाणी ओतलं, पुन्हा धुतले, तीन वेळा. म्हातारी तिच्याकडं पाहाले भीत होती.

म्हातारीले मी त्याच गाडीनं वाशिमले नेलं. ती दोन दिवस भरती राह्यली. बुवानं मधी गादी जाळून टाकू असं ठरवलं होतं, म्हणजे सगळ्या गावानं मिळून तो धूर घेतला असता. मी ती दुहेरी प्लास्टिकमधी बांधून दवाखान्याच्या ताब्यात देल्ली. गणेश जीप घेऊन रिकामाच गेला. राखी त्याले म्हणे, आता आळ नाही, पण घरचे दोघं आजारी हायेत, त्यायले उभं करते. बॅग तिनं उघडली नाही. दारामागं तशीच ठेवली, ते मी पाह्यलं होतं.

हरीओम दहा दिवसांनी आला. यावेळी पूर्ण बरा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याले पाहाले गेली. डॉक्टर बाईनं सांगतलं ते त्याले सांगतलं का बाबू, आपलं लिव्हर रगतातल्या त्या विषाले फोडते, अन् फुटलेलं विष लघवीवाटं निघून जाते. पाणी पेत जाय, उन्हात जाऊ नको, महिनाभरात अंग साफ होईन. त्यानं माह्या डोळ्यादेखत मायचा हात धरला, माय रडली, यावेळी खरं रडली. मले म्हणे, बेबीताई, तुमच्यामुळं घर वाचलं. चहा आला त चांगल्या कपात आला. मी पेली. कप यावेळी तिथंच ठेवला, उचलला नाही.

मंग जेवणाची वेळ झाली. राखीनं ताट आणलं. दोन भाकरी, मुगाची वाटी, तिखट, कांदा. हरीओमनं हात धुतले, मांडी घातली, ताट पुढं ओढलं. अन् थांबला.

त्याच्या मनात काई नसन. मी शपथेवर सांगते, काई नसन. नुसती सवय. हात मांडीवर ठेवून त्यानं राखीच्या तोंडाकडं पाह्यलं, पहिल्या घासाची वाट पाहात.

पंचफुलाबाईनं ते पाह्यलं अन् तिचा हात तोंडाकडं गेला. मी पाह्यलं. राखीनं त पाह्यलंच. ती त्याच्यासमोर बसली, ताट स्वतःकडं ओढलं अन् घास मोडला. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. हरीओम आता उमजला, काईतरी बोलाले गेला, पण ती घाई न करता खातच राह्यली. दोन्ही भाकरी खाल्ल्या, वाटी पुसून घेतली, कांद्याची शेवटची फोडबी खाल्ली. मंग उठली, ताट घासलं, धुतलं अन् भिंतीले पालथं लावून ठेवलं.

"तपासली," ती म्हणे. "चांगली होती."

अन् दारामागची बॅग उचलून ती मानोऱ्याच्या सवारी जीपले निघाली. कोणी तिले आवाज देल्ला नाही, मी त देल्लाच नाही. हरीओम तिथंच बसला होता, धुतलेला हात त्याचा आणखी ओलाच होता.